रजेचे कारण

महाविद्यालयात मराठी शिकवायला लागून मला बावीस वर्षे झाली. या बावीस वर्षांत अर्जलेखन शिकवताना मी विद्यार्थ्यांना एक वाक्य न चुकता सांगत आलो : कारण थोडक्यात, स्पष्ट आणि खरे लिहावे. परवा रजेचा छापील अर्ज पुढ्यात घेऊन बसलो, आणि त्या वाक्याने माझीच मानगूट धरली. नाव लिहिले, हुद्दा लिहिला, रजेचे दिवस लिहिले. 'रजेचे कारण' या रकान्यापाशी लेखणी अडली ती अडलीच.

'मधुचंद्र' असे लिहायचे?

आमच्या कचेरीतले मुख्य लेखनिक मोठे सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी आजवर माझा एकही अर्ज परत केलेला नाही. पण शेहेचाळीस वर्षांचा, डोक्यावर चांदी आणि नाकावर दुहेरी भिंगांचा चष्मा मिरवणारा एक प्राध्यापक मधुचंद्रासाठी बारा दिवसांची रजा मागतो आहे, हे वाचून त्यांची मुद्रा कशी होईल, याची कल्पना मला करवेना. शिवाय चार वाजेपर्यंत ती वार्ता प्राध्यापकांच्या खोलीत पोचणार, आणि साडेचारच्या चहाला इतिहासाचे आमचे स्नेही मला 'नवरदेव' म्हणून हाक मारणार, हे ठरलेलेच. मी अर्ज घडी करून खिशात ठेवला.

शब्दाचा व्यापार करणाऱ्या माणसाला अशा वेळी शब्दाचाच राग येतो. 'मधुचंद्र' हा शब्द आपण इंग्रजांकडून जसाच्या तसा उचलला. मधाला मधु केले आणि चंद्राला चंद्र. चिनी लोकांनीही तोच उचलला. पण इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात रूढ झाला, तेव्हा त्यात थोडी थट्टाच होती : आज पौर्णिमा आहे, उद्यापासून कला उतरू लागतील! जपानी भाषेत याला अधिक साधा शब्द आहे : 'शिन्कोन र्योको'. म्हणजे नवविवाहितांचा प्रवास. मध नाही, चंद्र नाही, उतरणाऱ्या कला नाहीत. दोन माणसांचे लग्न झाले आणि ती प्रवासाला निघाली, एवढेच.

हा शब्द मला एका तेरा वर्षांच्या मुलीने शिकवला. तिची हकीगत सांगण्यापूर्वी लग्नाची सांगितली पाहिजे.

लग्न वैशाखात झाले. माझे पहिले, हिचे दुसरे. ही विमा कचेरीत नोकरीला आहे. तीन वर्षांपूर्वी मी माझ्या एका जुन्या पॉलिसीचे काम घेऊन तिच्या टेबलापाशी गेलो होतो. कागद चाळता चाळता ती म्हणाली, "नॉमिनी म्हणून आईचं नाव आहे. त्या आहेत ना?"

"नाहीत. दोन वर्षं झाली."

"मग दुसरं नाव द्यावं लागेल."

मी रकान्याकडे पाहत उभा राहिलो. आई-वडिलांचे आजार, बहिणींची लग्ने, यांत माझे स्वतःचे लग्न कुठेतरी राहून गेले होते. दोघी बहिणी आपापल्या संसारात सुखी होत्या. माझ्या पश्चात ज्याचे काही अडेल, असे नाव मला सुचेना. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि कागद परत देत म्हणाली, "घाई नाही. सावकाश आठवा." तेव्हा मी आठवू लागलो, तो रकाना यंदा भरला!

हिचे पहिले यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. पुण्याहून मोटारीने परत येत होते. "रात्री नऊपर्यंत पोचतो," असा निघताना फोन केला होता. महामार्गावर अपघात झाला. घरात त्या वेळी ही, सात वर्षांची मुलगी आणि सासूबाई अशी तीन माणसे जेवायची थांबली होती.

त्याच सासूबाईंनी आमचे लग्न जुळवले. त्यांची अट एकच : घर मोडायचे नाही. म्हणून सांगलीतले माझे दोन खोल्यांचे बिऱ्हाड उचलून मी मिरजेला त्यांच्या घरी राहायला गेलो. लोक घरजावई म्हणतात. पण हिच्या सासरी राहणाऱ्या मला जावई तरी कसे म्हणावे? मी स्वतःला 'घरसून' म्हणवून घेतो. आईंना ते पटते. त्या मला सकाळी दूध आणायला पाठवतात.

आणि मुलगी मला 'सर' म्हणते. 'काका' म्हणावे, तर तिचे सख्खे काका आहेत. 'बाबा' ही जागा रिकामी नाही. ती भरलेली आहे आणि भरलेलीच राहावी. गावातली सगळीच मुले मला सर म्हणतात, तशी तीही म्हणते. फरक एवढाच, की बाकीची मुले सर समोरून येताना दिसले की रस्ता ओलांडतात. ही समोर येऊन बसते.

प्रवासाची गोष्ट प्रथम आईंनी काढली. त्या म्हणाल्या, "आधी जेजुरी. मग तुम्हांला कुठं जायचं तिकडं जा." आपल्याकडे मधुचंद्र ही चीज येण्यापूर्वीपासून जोडीने कुलदैवताला जाण्याची चाल आहे, आणि जेजुरीला नवऱ्याने बायकोला उचलून घेऊन पाच पायऱ्या चढायच्या, अशी रीत. ही म्हणत होती, "राहू द्या, तुमची पाठ..." पण मागून आई पाहत होत्या, आणि पुढे मुलगी मोबाईलने फोटो काढत होती. पाच पायऱ्या चढलो. सहावी असती, तर रजेच्या अर्जात 'वैद्यकीय कारण' असे बिनधोक लिहिता आले असते.

परदेशी जायचे, हे मात्र माझ्या मनात होते. आयुष्यभर मी इतरांच्या प्रवासवर्णनांवर व्याख्याने दिली. स्वतः हंपीच्या पुढे गेलो नाही. माझा ओढा स्वित्झर्लंडकडे होता. माझ्या पिढीने ते पडद्यावर इतके पाहिले आहे, की तिथली गवताची पाती ओळखीची वाटतात. यश चोप्रांच्या चित्रपटांनी तिकडे इतके प्रवासी नेले, की २०१६ साली इंटरलाकेन गावाने त्यांचा पुतळा उभारला. मी हे सारे रंगवून सांगत होतो. मुलगी ऐकून घेत होती. माझे संपल्यावर ती म्हणाली,

"सर, जपान."

"जपान का?"

"तिकडं गाड्या वेळेवर पोचतात."

मी हसलो. टीव्हीवरच्या जपानी व्यंगपटांचा हा परिणाम, असे मला वाटले. हीही हसली, पण आता आठवते, ती थोडी उशिरा हसली.

त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर जपान पसरला. रात्रीची भांडी आवरली की नकाशा उघडायचा. आई देवघरातून जपमाळ घेऊन येत आणि एका टोकाला बसत. मुलीने एक शंभरपानी वही घातली होती आणि वहीत रकाने आखले होते. जपानचा व्हिसा मागताना रोजचा कार्यक्रम तारीखवार लिहून द्यावा लागतो : कुठे असाल, काय पाहाल, मुक्काम कुठे. तो कागद पाहून मी म्हणालो, "काय चिकित्सक सरकार आहे!" मुलगी म्हणाली, "मग काय झालं? आपण कुठं आहोत, ते कुणाला तरी माहीत असावंच की."

हिशेब सगळा येनमध्ये. एक येन म्हणजे आपले साधारण नऊ आणे, असे मी आईंना सांगितले. ती भाषा त्यांना तत्काळ समजली आणि त्या दिवसापासून जपानमधला प्रत्येक खर्च त्या आण्यांत वदवून घेऊ लागल्या. गाड्यांवर सात दिवस चालणारा परदेशी प्रवाशांचा पास २०२३ च्या ऑक्टोबरात एकोणतीस हजार सहाशे पन्नास येनवरून एकदम पन्नास हजारांवर गेला, हे मुलीने शोधून काढले. मग तिने आमच्या मार्गावरची सुटी तिकिटे मिळवून पाहिली. टोकियो ते क्योटो माणशी चौदा हजारांच्या आसपास. पुढची धरूनही बेरीज चाळीस हजारांच्या आतच राहिली. "पास नको, सर. सुटी तिकिटं काढू." माझ्या वर्गातल्या पदवीच्या मुलांना एवढा व्यवहार आला, तर मी पेढे वाटीन.

एका रात्री तिने मला जपानी अक्षरे वाचून दाखवली. अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. मी चमकलो. "पुन्हा म्हण." तिने पुन्हा म्हटली. ही तर आपलीच बाराखडी, परदेशी राहून जरा बारीक झालेली! बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृत अक्षरविद्या तिकडे गेली, आणि जपानी लोकांनी आपली अक्षरे त्या क्रमाने मांडली. बावीस वर्षे वर्णमाला शिकवून हे मला ठाऊक नव्हते. त्या रात्री ती शिकवत होती आणि 'सर' ऐकत होते.

मग एकेक गाव ठरत गेले. टोकियो तीन दिवस. त्यानंतर क्योटो, इ. स. ७९४ पासून १८६८ पर्यंतची राजधानी. नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात तिथल्या देवळांच्या आवारातले मेपल लालभडक होतात. म्हणून रजा तेव्हाचीच घ्यायची. क्योटोहून एक दिवस नाराला. तिथल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन ७५२ साली भारतातून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूच्या हातून झाले. हे ऐकल्यावर आईंची जपमाळ क्षणभर थांबली. "आपला माणूस?" त्यांनी विचारले. "आपलाच." "मग तिथं माझा नमस्कार सांगा."

हिचा प्रश्न जेवणाचा होता. ती मासे खात नाही, आणि जपानात साध्या दिसणाऱ्या कढणातही माशांचा अर्क असतो. मुलीने तोडगा काढला : कोयासान. डोंगरावरचे हे तीर्थ ८१६ साली कूकाई या आचार्याला मिळाले. तिथल्या पन्नासेक मठांत यात्रेकरूंना उतरता येते, आणि मठातले जेवण शुद्ध शाकाहारी असते. कांदा नाही, लसूण नाही. "म्हणजे चातुर्मासच की!" आई म्हणाल्या. तिथल्या जुन्या समाधींच्या दगडांवर सिद्धम् लिपीत संस्कृत अक्षरे कोरलेली आहेत, असे मी वाचले, आणि मलाही तिथे एक रात्र राहावेसे वाटू लागले. मधुचंद्र मठात! पण आमच्या मधुचंद्राचे सगळेच तसे वेगळे होते.

हिरोशिमाचे नाव हिने काढले. मी चपापलो. म्हणालो, "अशा प्रवासात तिथं कशाला? मनाला उगाच त्रास."

ही सुपारी कातरत होती. हात न थांबवता म्हणाली, "६ ऑगस्टला सकाळी सव्वा आठ वाजता सगळं गाव जळालं. पण ९ तारखेला तिथली ट्राम पुन्हा सुरू झाली. सगळी नाही, थोड्याशा रस्त्यावर. पण झाली. पुढं जळक्या मातीत पहिल्यांदा कण्हेर फुलली म्हणतात, म्हणून कण्हेर त्या गावाचं फूल केलंय. मला ती ट्राम पाहायचीय. तिसऱ्या दिवशी ट्राम बाहेर काढणारी माणसं कशी असतील, असं वाटतं."

कुणी काही बोलले नाही. सहा वर्षांपूर्वी तेरावे आटोपल्यावर चौदाव्या दिवशी ही कचेरीत कामाला गेली होती, हे मला आईंनी पूर्वी सांगितले होते. मुलीने रकान्यात लिहिले : हिरोशिमा, दोन दिवस.

त्यानंतर एकदा माझ्याकडून मोठी चूक झाली. वाचता वाचता मला साकामोतो र्योमाची कथा सापडली होती. हा जपानच्या क्रांतिकाळातला वीर. १८६६ साली त्याच्यावर मारेकरी धावून आले. त्याची प्रिया ओर्यो हिने वेळेवर सावध केल्यामुळे तो वाचला, पण हातांना जखमा झाल्या. मग लग्न करून दोघे दक्षिणेत किरिशिमाच्या उष्ण झऱ्यांवर गेली. जपानातला हा पहिला मधुचंद्र, असे तिकडे म्हणतात. मला ही कथा फारच आवडली. तासाला शिकवावे तशा आवाजात मी सांगत होतो : "पाहा, पहिला मधुचंद्र हा मौजेसाठी नव्हताच, तो जखमा बऱ्या करायला होता! आणि पुढच्याच वर्षी..."

इथे माझी जीभ अडखळली. ही माझ्याकडे पाहत होती. आईंनी मान खाली घातली होती.

"पुढच्या वर्षी त्याला मारलं," मुलगी शांतपणे म्हणाली. "मी वाचलंय, सर. किरिशिमा फार लांब पडतं. आपल्या दहा दिवसांत बसत नाही." आणि तिने वहीचे पान उलटले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. योजना आखता आखता आपण एका घराच्या दुखऱ्या जागेवर रोज बोट ठेवतो आहोत की काय, असे वाटू लागले. आणि आणखी एक गोष्ट ध्यानात आली. वहीतल्या प्रत्येक रकान्यात माणसे दोन होती. तिकिटे दोन, अंथरुणे दोन, मठातली ताटे दोन. इतकी आवडीने सारे मांडणारी ही मुलगी त्यात स्वतः कुठेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी आणि हिने तिला समोर बसवून सांगितले, "तूही चल. आपण तिघं जाऊ." शिन्कान्सेन गाडीत एका बाजूला दोघांचे बाक असते आणि दुसऱ्या बाजूला तिघांचे, हे मला आता तिच्याच कृपेने ठाऊक होते. मी वही पुढे ओढून म्हणालो, "तू डी आणि ई या जागा धरल्यास. पलीकडे ए, बी, सी आहेतच की!"

"त्या बाजूनं फुजी नीट दिसत नाही," ती म्हणाली. "आणि दिवाळीनंतर शाळा सुरू होते. आणि आजी एकटी राहील." मग थोडे थांबून, आईकडे न पाहता, "आई कधी कुठं गेलीच नाही, सर. माझ्या शाळेचं असतं, आजीचा दवाखाना असतो. तिला दोघांच्या बाकावर बसू दे. पुढच्या वेळी ए, बी, सी."

ही उठून स्वयंपाकघरात गेली. तिथून भांड्यांचा आवाज जरा जास्तच येऊ लागला.

वही माझ्याकडे आली ती शुद्धलेखन तपासायला. व्हिसाच्या कागदांना लागणारी पाने वगळता बाकीचे मराठीतच होते, आणि माझ्याकडे आलेले मराठी तपासल्याशिवाय परत जात नाही, हे तिला ठाऊक होते. मी लाल पेन घेऊन बसलो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका काढल्या. शेवटून तिसऱ्या पानावर 'गाडीची माहिती' असा मथळा होता. खाली लिहिले होते :

'१ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाली. टोकियो ते ओसाका ५१५ किलोमीटर. तेव्हापासून आजपर्यंत टक्कर होऊन किंवा रुळावरून घसरून या गाडीतला एकही प्रवासी मेलेला नाही.'

शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या. त्याखाली आणखी एक नोंद होती : २०१७ च्या नोव्हेंबरात टोकियोजवळच्या एका रेल्वे कंपनीने गाडी वीस सेकंद लवकर सुटली म्हणून प्रवाशांची जाहीर माफी मागितली.

पुढच्या पानावर मोठा तक्ता. पहिल्या रकान्यात गाव, दुसऱ्यात जपानची वेळ, तिसऱ्यात आपली वेळ, साडेतीन तास वजा करून. चौथ्या रकान्याचे नाव 'पोच', आणि तो कोरा. पोचल्याचा निरोप आला, की तिथे बरोबरची खूण करायची. शेवटची ओळ मुंबई ते मिरज अशी होती. मुंबईला उतरल्यावर मोटार करून यायचे, असा माझा बेत मी तिला सांगितला होता. तो तिने एका रेघेने खोडला होता आणि लिहिले होते : 'मोटार नाही. महालक्ष्मी एक्स्प्रेस. मिरज सकाळी.'

लाल पेन माझ्या हातात तसेच राहिले. तिकडं गाड्या वेळेवर पोचतात, असे ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, आणि मी हसलो होतो! सात वर्षांची असताना ती ज्या माणसासाठी जेवायची थांबली होती, तो सांगितलेल्या वेळेला आला नाही. तेव्हापासून जगात वेळेवर पोचणारी वस्तू कोणती, याचा ती शोध घेत असावी. पृथ्वी पालथी घालून तिने ती शोधली, आणि आईला त्या गाडीत बसवून द्यायचे ठरवले. मला मेपलची पाने दिसत होती. तिला रेल्वेचे रूळ दिसत होते.

मी वही हिला दाखवली. ही म्हणाली, "तुम्हांला आत्ता कळलं? मला पहिल्या दिवशीच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? सहा वर्षं ती नुसती भीत होती. आता भीत असली, तरी हातात पेन्सिल आहे. रकाने आखते, बेरजा करते. करू दे म्हटलं."

तरुण वयात दोघे मधुचंद्राला निघतात, तेव्हा त्यांना जग विसरायचे असते, आणि ते योग्यच आहे. त्यांच्या मागे राहिलेल्यांचे त्यांच्यावाचून दहा दिवस अडत नाही. आमच्यासारख्यांना तसे जग विसरून जाता येत नाही. आम्ही कुणीतरी सोडले म्हणून जातो. जपमाळ ओढणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने आपल्या मुलाची बायको सोडली, तेरा वर्षांच्या मुलीने आई सोडली. सोडली म्हणजे काय, परतीच्या बोलीवर दिली. आजवर मी वेळापत्रक ही अरसिकांची करमणूक समजत होतो. तिच्या वहीतले वेळापत्रक म्हणजे मी द्यायचे वचन होते. तिने ते माझ्या वतीने नीट अक्षरात लिहून ठेवले होते, आणि शुद्धलेखन तपासण्याच्या निमित्ताने माझ्यासमोर सहीला धरले होते.

मी पानाखाली सही केली. शेरा म्हणून 'उत्तम' लिहिणार होतो; पण हात धजला नाही. 'वाचले. मान्य.' एवढेच लिहिले.

दुसऱ्या दिवशी तिने मला दुसरी एक वही दिली. लहान, कोऱ्या जाड कागदाची. जपानात बहुतेक मोठ्या स्टेशनांवर एक रबरी शिक्का ठेवलेला असतो. ज्या गावाचे जे वैशिष्ट्य, त्याचे चित्र त्यावर असते. कुणीही यावे आणि आपल्या वहीत उमटवून घ्यावे. १९३१ साली फुकुई स्टेशनात ही प्रथा सुरू झाली. तिने एकेका पानाच्या माथ्यावर स्टेशनाचे नाव लिहून ठेवले होते : टोकियो, क्योटो, नारा, हिरोशिमा...

"मला खेळणी नकोत, कपडे नकोत," ती म्हणाली. "शिक्के आणा. रोज रात्री त्या पानाचा फोटो पाठवायचा."

शेवटच्या पानावर लिहिले होते : मिरज.

"मिरजेला असा शिक्का कुठं आहे?" मी विचारले.

"होतोय," ती म्हणाली.

तिने कंपासपेटीतल्या कर्कटकाने खोडरबर कोरायला घेतले होते. मिरज तंबोऱ्यांचे गाव. म्हणून भोपळा, उभी दांडी आणि चार तारा. खाली गावाचे नाव. पहिला शिक्का उमटवून पाहिला, तेव्हा अक्षरे आरशातल्यासारखी उलटी आली. ती हिरमुसली. मी सांगितले, "सुलट उमटायचं असेल, तर उलटं कोरावं लागतं." आई म्हणाल्या, "अगदी खरं बोललात." त्या काय समजून बोलल्या, कोण जाणे! मुलगी दुसरे खोडरबर घेऊन बसली. हा अंक तुमच्या हाती पडेल, तेव्हा आमच्या बॅगा भरून दाराशी ठेवलेल्या असतील, आणि तो शिक्का देवघराच्या फळीवर आमची वाट पाहत असेल.

राहिला माझा अर्ज. तो मी काल पुन्हा उघडला. बावीस वर्षांत जेव्हा जेव्हा रजा घेतली, तेव्हा त्या रकान्यात 'खासगी कारण' हेच दोन शब्द लिहीत आलो. एकट्या माणसाचे दुसरे कारण तरी काय असणार? काल मी फार विचार न करता लिहिले : 'कौटुंबिक कारण'. थोडक्यात झाले, स्पष्ट झाले, आणि खरेही.

लेखनिकांनी चष्मा कपाळावर सरकवून अर्ज वाचला. मग माझ्याकडे पाहिले. "सर, हे नवीन दिसतंय," ते म्हणाले. मी हो म्हणालो. त्यांनी आणखी काही विचारले नाही. दुसऱ्या प्रतीवर ठाप्पकन शिक्का उमटवून ती माझ्या हाती दिली.

निळ्या शाईत एकच शब्द होता : 'पोच'.